ग्रास कटर चालू होत नाही? दोरी ओढत बसू नका, आधी प्लग काढून बघा

बोईसर : पाऊस उघडला की पालघर, डहाणू, विक्रमगड, वाडा सगळीकडे एकदमच भातकापणीची घाई सुरू होते. हळवं भात पिवळं होऊन वाकलेलं असतं, परतीच्या पावसाची धास्ती असते आणि कापायला माणसं मिळत नाहीत. घरातली तरुण मुलं तारापूर एमआयडीसीत पाळीवर जातात. म्हणून आता बऱ्याच घरांत खांद्याला अडकवायचं ग्रास कटर, म्हणजेच ब्रश कटर आलं आहे. चिकूच्या वाडीतलं गवत, बांधाची सफाई आणि दातेरी पातं लावून भातसुद्धा त्यानेच कापलं जातं.

पण पावसाळाभर पडवीत पडून राहिलेलं मशीन नेमकं कापणीच्या दिवशी चालू होत नाही. दोरी ओढून ओढून खांदा दुखतो, मग मशीन बाईकवर टाकून बोईसरला न्यायचं, तिथे आधीच दहा जणांची मशीनं लागलेली. दिवस गेला. बहुतेक वेळा बिघाड अगदी साधा असतो आणि तो घरच्या घरी अर्ध्या तासात सापडतो.

आधी या चार गोष्टी बघा

१. स्टॉप स्विच चालू बाजूला आहे का? हसू नका, सगळ्यात जास्त फसवणारी गोष्ट हीच.

२. टाकीत पेट्रोल आहे का, आणि ते कधीचं आहे?

३. प्लास्टिकचा मऊ फुगा (प्रायमर) सहा-सात वेळा दाबा. पारदर्शक नळीत पेट्रोल दिसायला हवं.

४. चोक बरोबर लावला का? थंड मशीनला चोक बंद करून दोरी ओढायची. एकदा "फट्" असा आवाज आला की लगेच चोक उघडायचा आणि मग पुन्हा ओढायची. अनेक जण तो आवाज आल्यावरही चोक बंदच ठेवून ओढत राहतात. त्याने इंजिनात जास्तीचं पेट्रोल भरतं आणि मशीन आणखी अडून बसतं.

एवढं करूनही चालू झालं नाही, तर दोरी ओढणं थांबवा आणि प्लग काढा. इंजिन थंड असू द्या, जवळ विडी-सिगारेट नको. प्लगचं टोक कोरडं आहे की ओलं, यावरून पुढचा रस्ता ठरतो.

प्लग कोरडा असेल तर : पेट्रोल पोचत नाही

टाकीचं झाकण थोडं सैल करून पुन्हा ओढून बघा. तेवढ्याने चालू झालं तर झाकणातलं हवेचं बारीक छिद्र मातीने बुजलं आहे. ते साफ करा.

प्रायमरचा फुगा दाबल्यावर दबलेलाच राहत असेल तर टाकीतला फिल्टर चोंदला असण्याची शक्यता मोठी. नळीच्या टोकाला असलेला हा छोटा फिल्टर तारेच्या आकड्याने अलगद बाहेर ओढता येतो. काळा-चिकट झाला असेल तर बदला. फुगा भरतच नसेल, नुसती हवा येत असेल, तर नळीला चीर गेलेली आहे का ते बघा. रबर कडक होऊन तडकतं.

हे सगळं ठीक असेल तर दोष कार्बोरेटरमध्ये. जुनं पेट्रोल आत सुकून त्याचा चिकट थर बसतो आणि केसाएवढी छिद्रं बुजतात. कार्बोरेटर उघडायची सवय नसेल तर हे काम मेकॅनिकला द्या.

प्लग ओला असेल तर : पेट्रोल येतंय, पण पेटत नाही

प्लग कोरड्या फडक्याने पुसा, काजळी असेल तर बारीक ब्रशने घासा. टोकाच्या दोन पत्र्यांमधली फट साधारण ०.६ ते ०.७ मिलिमीटर हवी, म्हणजे एटीएम कार्डाच्या जाडीपेक्षा किंचित कमी. प्लग बाहेर असतानाच स्विच बंद, चोक उघडा ठेवून दोरी आठ-दहा वेळा ओढा. आत साचलेलं पेट्रोल बाहेर पडेल. पंधरा मिनिटं थांबा, सांडलेलं पुसून घ्या, प्लग बसवा आणि चोक न लावता सुरू करा.

तरीही नाही झालं तर ठिणगी तपासा. पेट्रोलचा डबा लांब ठेवा. प्लग टोपीत बसवा, त्याचा लोखंडी भाग इंजिनच्या उघड्या धातूला टेकवा. प्लगच्या भोकाजवळ मात्र नको. रबरी मुठीच्या पक्कडीने धरा, स्विच चालू करा आणि दुसऱ्याला दोरी ओढायला सांगा. निळी कडक ठिणगी दिसली तर ठीक. पिवळी, मरतुकडी किंवा अजिबात नाही, तर आधी नवीन प्लग लावून बघा. प्लग हा मशीनमधला सगळ्यात स्वस्त भागांपैकी एक आहे, एक जादा घरात ठेवावाच. चिंचणी, तारापूर, सातपाटी, केळवे अशा किनाऱ्याच्या गावांत खाऱ्या हवेने प्लगची टोपी आणि स्विचच्या वायरी गंजतात, तिथेही नजर टाका.

प्लग नीट, ठिणगी नीट, तरी दमच नाही? मग एअर फिल्टर काढा. स्पंजचा असेल तर साबणाच्या पाण्यात धुऊन पूर्ण वाळवा. सायलेन्सरच्या तोंडाची जाळी काजळीने बुजली असेल तरी मशीन गुदमरतं.

खरा चोर बहुतेकदा जुनं पेट्रोल

आता पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२५ मध्ये देशात हे प्रमाण २० टक्क्यांपर्यंत पोचलं. इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेतं. आपल्याकडे चार महिने हवाच ओली. अर्धी भरलेली टाकी तशीच राहिली की ओलावा वाढत जातो, आणि तो फार झाला तर पाणी व इथेनॉल वेगळं होऊन तळाशी बसतं. मशीन पेट्रोल ओढतं तेही तळातूनच. शंका आली तर थोडं पेट्रोल काचेच्या स्वच्छ बाटलीत काढून ठेवा. दोन थर दिसले किंवा ते गढूळ असलं तर वापरू नका. असं पेट्रोल विहिरीजवळ, ओहोळात ओतायचं नाही, आणि चुलीत किंवा शेकोटीत तर मुळीच नाही. गॅरेजवाल्याला विचारून तिथे द्या.

टू-स्ट्रोक मशीनला पेट्रोलमध्ये टू-टी ऑइल मिसळावं लागतं. पुस्तिकेत १:५० लिहिलं असेल तर लिटरला २० मिली, १:२५ असेल तर ४० मिली. अंदाजाने ओतू नका. ऑइल जास्त झालं तर प्लग काळा पडतो, कमी झालं तर इंजिन जाम होतं. फोर-स्ट्रोकला साधं पेट्रोल लागतं, त्याचं इंजिन ऑइल वेगळ्या झाकणातून भरतात.

कंपन्यांच्या आणि सोसायट्यांच्या बागेतलं ढकलायचं लॉन मूव्हर असेल तरी तपासणी हीच. फक्त बऱ्याच लॉन मूव्हरच्या दांड्याला एक पट्टी असते. ती दांड्याला दाबून धरल्याशिवाय इंजिन सुरूच होत नाही. पात्याला हात लावण्याआधी प्लगची टोपी काढणं कधीही विसरू नका.

मेकॅनिककडे कधी जायचं?

दोरी ओढताना नेहमीसारखा जोर लागतच नसेल, हलकीच येत असेल, तर पिस्टन-रिंगचं काम असू शकतं. नव्या प्लगलाही ठिणगी येत नसेल तर कॉइल किंवा वायरिंग. ही कामं घरी करू नका. पण जाताना "चालू होत नाही" एवढंच सांगू नका. "प्लग कोरडा आहे, फुगा भरतो" किंवा "प्लग ओला आहे, ठिणगी नाही" असं सांगा. त्याचा वेळ वाचतो आणि तुमचा नको तो खर्चही.

पुढच्या वर्षी ही वेळ येऊ नये म्हणून

कापणी, झोडणी उरकली की टाकी रिकामी करा, मशीन सुरू करून ते आपोआप बंद पडेपर्यंत मोकळ्या जागेत चालवा. मग कार्बोरेटरमध्ये पेट्रोल फारसं उरत नाही. मशीन पुसून कोरड्या जागी टांगा. खताच्या गोणींशेजारी नको, खताच्या ओलाव्याने लोखंड लवकर खातं. पेट्रोल लागेल तेवढंच आणा, महिन्यापेक्षा जुनं मशीनमध्ये घालू नका.

आणि भात तयार व्हायच्या आठवडाभर आधी मशीन एकदा अंगणात सुरू करून बघा. बिघाड तेव्हा कळला तर दुरुस्तीला वेळ असतो. भात वाकल्यावर कळला तर नसतो.