देवतांना शरीर असते का?

यज्ञात इंद्राला आहुती दिली जाते, तेव्हा ती घ्यायला इंद्र खरोखर येतो का? प्राचीन भारतीय विचारवंतांनी हा प्रश्न फार गंभीरपणे हाताळला. यास्काच्या ‘निरुक्ता’त देवता मनुष्याकार आहेत, नाहीत, किंवा दोन्ही प्रकारच्या आहेत, अशी मते नोंदवलेली आहेत.

सर्वांत धीट उत्तर मीमांसकांचे, म्हणजे वेदांतील यज्ञकर्माच्या वाक्यांचा अर्थ लावणाऱ्या विचारवंतांचे. जैमिनीच्या सूत्रांवरील भाष्यात शबरस्वामी म्हणतात की देवतेला शरीर नाही, ती खात नाही, प्रसन्नही होत नाही. फळ मिळते ते यज्ञकर्मातून उत्पन्न होणाऱ्या ‘अपूर्व’ या अदृश्य शक्तीमुळे. मधमाशीप्रमाणे देवता अन्नाचा रस घेते, म्हणून नैवेद्य बेचव होतो, असा प्रतिपक्षाचा दाखला होता. त्यावर शबरांचे उत्तर साधे आहे: अन्न वाऱ्याने आणि थंड झाल्याने बेचव होते. वेदप्रामाण्य शिरोधार्य मानणाऱ्या परंपरेतच हे म्हटले गेले, हे विशेष.

ब्रह्मज्ञानाला प्राधान्य देणाऱ्या वेदान्त्यांना हे मान्य नव्हते. बादरायणाच्या ब्रह्मसूत्रांनुसार देवांनाही ब्रह्मविद्येचा अधिकार आहे. त्यासाठी शरीर हवेच. मग एकच इंद्र एकाच वेळी अनेक यज्ञांत कसा? या सूत्रांवरील भाष्यात शंकराचार्य सांगतात की योगी अनेक देह धारण करतो, तसा. शिवाय एका ब्राह्मणाला अनेक जण एकदम नमस्कार करू शकतातच, तशाच एका इंद्राला अनेक जण एकदम आहुती देऊ शकतात. देहधारी इंद्र नश्वर ठरला, तर नित्य वेदातील ‘इंद्र’ शब्दाचे काय, या आक्षेपावर त्यांचे उत्तर असे की ‘सेनापती’सारखे ते पदाचे नाव आहे, व्यक्ती बदलली तरी पद राहते.