काचेपलीकडचा एक मिलिमीटर

घरातल्या खाऱ्या पाण्याच्या टाकीचे मॅक्रो फोटो काढायला आम्ही शिकलो ते सत्तरी ओलांडल्यावर. समजूत अशी होती की चांगली लेन्स आणली की झालं. पहिल्या महिन्यातले जवळजवळ सगळे फोटो धूसर आले. ते का, हे आधी पाहू.

मॅक्रो म्हणजे वस्तू सेन्सरवर तिच्या प्रत्यक्ष आकाराएवढी उमटणं. सेंटिमीटरभराचा झोअँथिडचा पॉलिप (दिसतो फुलासारखा, पण प्राणी आहे बरं का) सेन्सरवरही सेंटिमीटरभरच. इतक्या जवळून एफ-८ला स्पष्ट दिसणारी खोली असते जेमतेम एक मिलिमीटर. तोंडावर फोकस धरला की कडेचे तंतू विरघळतात. मग छिद्र आणखी बारीक करावं? आम्ही एफ-२२पर्यंत गेलो. पण या अंतरावर एफ-१६सुद्धा एफ-३२सारखं वागतं, बारीक छिद्रातून जाताना प्रकाश पसरतो आणि सगळंच चित्र मऊ पडतं. एफ-८ ते एफ-११च्या आसपास थांबावं आणि बाकीचं धूसर राहू द्यावं.

दुसरी गोष्ट काचेची. पाणी, काच, हवा अशा तीन माध्यमांतून किरण येतो. कॅमेरा तिरका धरला तर तो वाकडा वळतो, कडांना रंगाच्या झालरी लागतात. म्हणून लेन्स काचेला काटकोनात हवी. हे ऐकायला सोपं आहे, पण हात सवयीने तिरपा होतोच. आतलं शेवाळ आदल्या दिवशी खरवडावं. खोलीतले दिवे बंद, फ्लॅश टाकीच्या वरून.

आता रंग. प्रवाळाच्या टाकीवर निळे एलईडी असतात. काही प्रवाळांतली प्रथिनं हा निळा प्रकाश शोषून हिरवा बाहेर टाकतात, म्हणून ती झळाळतात. कॅमेऱ्याला मात्र सगळं निळंच दिसतं. लेन्सपुढे पिवळा फिल्टर लावला की हिरवं उठून येतं. पांढऱ्या फ्लॅशखाली तोच पॉलिप तपकिरी! मग खरा रंग कोणता? वर्गात आम्ही लॉक शिकवत असू: रंग म्हणजे आपल्यात विशिष्ट संवेदना उठवण्याची वस्तूची शक्ती. मुलं वहीत उतरवून घेत, आम्हीही पुढच्या पानावर जात असू. टाकीसमोर बसलो तेव्हा कळलं, की या शक्तीत दिव्याचाही वाटा आहे. आम्ही आता फोटोखाली दिवा कोणता होता ते लिहितो, एवढंच.

शेवटी पंपाबद्दल, आणि हे जरा सांगायलाच हवं. प्रवाहात पॉलिप डुलतात, मिलिमीटर हातातून निसटतो, म्हणून फोटोपुरते पंप बंद करतात. एका रात्री मनासारखा फोटो मिळाला. तो संगणकावर मोठा करून पाहण्यात आम्ही असे गुंतलो, की पंप पुन्हा सुरू करायचं राहूनच गेलं. पाणी हललं नाही की त्यात प्राणवायू नीट मिसळत नाही, आणि अंधारात प्रवाळ उलट तो खर्चच करतात. सकाळी दोन क्लाउनफिशपैकी एक पृष्ठभागाशी तोंड उघडून होता. दुसरा तळाशी.

तो फोटो उत्तम आहे. आम्ही तो व्याख्यानात दाखवत नाही. आता कॅमेऱ्याशेजारी स्वयंपाकघरातला टायमर असतो, दहा मिनिटांचा. तो वाजला की फोकस कितीही जुळत आलेला असो, आम्ही उठतो आणि पंपाचं बटण दाबतो.