साक्षीदाराचे कान आणि गोळ्यांची संख्या

३० जानेवारी १९४८ रोजी सायंकाळी पाच वाजून सतरा मिनिटांच्या सुमारास दिल्लीच्या बिर्ला भवनात गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या. त्या किती होत्या? प्रार्थनेसाठी आलेले अमेरिकन पत्रकार व्हिन्सेंट शीअन यांनी चार आवाज ऐकले आणि पुढे आपल्या पुस्तकात तसे नमूद केले. ज्याच्या हातात पिस्तूल होते, तो पुण्याच्या ‘हिंदुराष्ट्र’ दैनिकाचा संपादक नथुराम गोडसे न्यायालयात म्हणाला, की आपण दोनच गोळ्या झाडल्या असे आपल्याला वाटत होते. त्या तीन होत्या हे मागाहून कळले.

यांपैकी कोणी खोटे बोलत होते काय? शीअन यांना संख्या वाढवून काही मिळवायचे नव्हते. गुन्हा उघडपणे स्वीकारणाऱ्या गोडसेची शिक्षा एक गोळी कमी सांगून टळणार नव्हती. दोघेही प्रामाणिक होते आणि दोघेही चुकले. क्षणार्धात घडणारी घटना, भिंतींवरून उमटणारे प्रतिध्वनी, लोकांचा आक्रोश आणि भीतीने एकाच गोष्टीवर खिळलेले लक्ष यांत मोजणी हरवते. मागाहून ऐकलेल्या व वाचलेल्या गोष्टीही स्मृतीत नकळत मिसळतात.

निर्णय दिला तो निर्जीव वस्तूंनी. पिस्तुलात सात काडतुसे मावत. त्यांतील चार शिल्लक सापडली. तीन गोळ्यांचाच हिशेब न्यायालयाने ग्राह्य धरला.

तथापि संशयाला एवढी फट पुरते. चौथी गोळी, म्हणून दुसरा मारेकरी, असा तर्क करणारी याचिका २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आली. न्यायालयाने नेमलेले ज्येष्ठ वकील अमरेंद्र शरण यांनी कागदपत्रे तपासली; त्यांना त्या तर्कास आधार आढळला नाही. २८ मार्च २०१८ रोजी याचिका फेटाळली गेली.

पुणेकरांनी याचा विचार अधिक करावयास हवा. १८९७ मध्ये रँड, १९८६ मध्ये जनरल वैद्य, २०१३ मध्ये डॉ. दाभोलकर, अशा हत्या या शहराच्या रस्त्यांवर झाल्या. अशा प्रसंगी वाटेने जाणाऱ्या सामान्य माणसाच्या डोळ्याकानांवर मोठा भार येतो. साक्षीदारांची ठरावीक संख्या आवश्यक नाही, असे १८७२ च्या पुरावा कायद्याचे १३४ वे कलम सांगत असे. साक्ष तोलायची असते, ती याच अर्थाने. एका तपशिलात चुकला म्हणून साक्षीदाराला लबाड ठरवणे हा अन्याय होय. आणि त्याच्या चुकीवर नवा कट उभारणे हा त्याहून मोठा.