मध्यम खेळ आणि समीक्षकांचे गुण

मध्यम कोणता? 2001 साली अमेरिकेत सुरू झालेल्या 'मेटाक्रिटिक' या संकेतस्थळावर निरनिराळ्या समीक्षकांनी व्हिडिओ खेळांना, तसेच चित्रपटांना दिलेल्या गुणांची भारित सरासरी शंभरापैकी मांडली जाते. तीत 75 व त्यावरील खेळास हिरवा, 50 ते 74 या दरम्यानच्या खेळास पिवळा आणि त्याखालील खेळास तांबडा रंग मिळतो. चित्रपटांस मात्र 61 गुणांपासूनच हिरवा रंग लाभत असल्याने 65 गुणांचा चित्रपट पसंतीस उतरलेला आणि तितक्याच गुणांचा खेळ मध्यम, असा चमत्कारिक न्याय तेथे रूढ आहे.

नमुना : 'माफिया 3' (2016). न्यू ऑर्लिन्सच्या धर्तीवर रचलेले 1968 सालचे काल्पनिक शहर, व्हिएतनाम युद्धातून परतलेला कृष्णवर्णीय नायक व कथानक यांची प्रशंसा झाली. परंतु त्याच त्या कामगिऱ्यांची पुनरावृत्ती आणि तांत्रिक दोष यांमुळे मेटाक्रिटिकवरील सरासरी साठ ते सत्तरच्या दरम्यान राहिली.

जपानी रिवाज : 'फामित्सू' नियतकालिकात चार समीक्षक प्रत्येकी दहापैकी गुण देतात, बेरीज चाळिसापैकी.

करारातील शर्त : 'फॉलआउट : न्यू व्हेगास' (2010) या खेळास मेटाक्रिटिकवर किमान 85 गुण पडल्यासच 'ऑब्सिडियन' या निर्मात्या कंपनीस बक्षिसी मिळावयाची होती, असे तिचे सहसंस्थापक क्रिस अव्हेलोन यांनी 2012 साली जाहीर केले. गुण पडले 84.