वाचनालयाने सॉफ्टवेअरही द्यावे!

वाचनालयातून नेलेले पुस्तक मुदतीत परत करावे लागते. प्रत एकच असते, मागे दुसरा वाचक थांबलेला असतो. सॉफ्टवेअरचे तसे नाही. ते हजार जणांना दिले तरी देणाऱ्याकडचे कमी होत नाही. तरीही बड्या कंपन्यांनी परवान्याचे कुंपण घालून त्याची मक्तेदारी उभी केली आणि ज्याच्या खिशात पैसा नाही त्याला चोर ठरवले. आमच्या वस्तीतला विद्यार्थी जुना संगणक घेतो, दुकानदार त्यात चोरीची प्रत टाकून देतो आणि सोबत व्हायरसही!

या कुंपणाला रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्येच जीएनयू प्रकल्प जाहीर करून आव्हान दिले. मुक्त सॉफ्टवेअर वापरा, त्याची रचना तपासा, बदला, शेजाऱ्याला द्या. परवानाच तशी मुभा देतो. मोबाइलवरच्या प्रत्येक फुकट अ‍ॅपला आम्ही मुक्त म्हणणार नाही. फुकट अ‍ॅपच्या पोटात काय चालते ते बहुधा मालकालाच ठाऊक असते. लिनक्स, लिबरऑफिस, गिंप ही मुक्त सॉफ्टवेअरची उदाहरणे.

वाचनालयांचा याच्याशी काय संबंध, असे कोणी विचारील. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ या ग्रामीण भागातल्या वाचनालयांची जुनी संगणक व्यवस्था २००० साल उजाडताच बंद पडेल अशी भीती होती. त्यांनी कॅटिपो नावाच्या कंपनीकडून नवी व्यवस्था लिहून घेतली आणि ती जगासाठी खुली केली. नाव ठेवले ‘कोहा’. माओरी भाषेत त्याचा अर्थ भेट. आज भारतातली कित्येक ग्रंथालये आपली पुस्तकनोंद कोहावर ठेवतात. एका लहान वाचनालयाने दिलेले जगाने घेतले, मग आमच्या वाचनालयांनी आपल्या सभासदांना का देऊ नये?

महाराष्ट्रात सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा १९६७ पासून आहे. अ, ब, क, ड असे वर्ग आहेत आणि ‘ड’ वर्गाच्या वाट्याला अनुदान सर्वांत कमी. अशा वाचनालयाला परवाने विकत घेणे परवडणार नाही, हे सांगायला तज्ज्ञ नको. त्यात विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आणि विंडोज ११ जुन्या यंत्रांवर चालत नाही. म्हणजे चालू संगणक भंगारात! लिनक्सच्या हलक्या आवृत्त्या त्यांतल्या पुष्कळ यंत्रांवर चालतात. मराठी टंकलेखनाची सोय त्यांत असते, ‘लोहित’ आणि ‘मुक्ता’ हे मुक्त टंकही आहेत.

आक्षेप आम्हाला ठाऊक आहे : नोकरीला एमएस-सीआयटी मागतात, वर्गात विंडोज शिकवतात, मग लिनक्स शिकून काय करायचे? आक्षेप पोटापाण्याचा आहे, तो हसण्यावारी नेता येणार नाही. पण पत्र लिहिणे, तक्ता करणे, बेरीज मांडणे हे कौशल्य कंपनीचे नसते. केरळच्या सरकारी शाळांनी २००० च्या दशकातच मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारले, तिथली मुले काही बेकार राहण्यासाठी शिकली नाहीत. सरावाला घरचा संगणक तर हवा, आणि तो चोरीच्या प्रतीवर का चालावा?

अडचण वेगळीच आहे. नुसता पेन ड्राइव्ह हातात देऊन भागत नाही. लिनक्स बसवताना एखादा प्रिंटर रुसतो, वायफाय लागत नाही, आणि पोरगा दुसऱ्याच दिवशी पुन्हा त्या दुकानदाराकडे जातो. म्हणून वाचनालयात शनिवारी दोन तास बसणारा, हे काम येणारा कार्यकर्ता हवा. अभियांत्रिकी शिकणारी मुले-मुली आता वस्तीवस्तीत आहेत. जे कार्यकर्ते वाचनालयाचे सभासद आहेत त्यांनी येत्या वार्षिक सभेत एवढाच ठराव मांडावा : दोन पेन ड्राइव्ह, एक टेबल, शनिवारचे दोन तास.