मे महिन्यातला ब्रॉयलर आणि प्रथिनांची उष्णता

मे महिन्यात विदर्भातल्या ब्रॉयलर शेडमध्ये भर दुपारी डोकावले, तर पक्षी पंख अंगापासून दूर धरून, चोच उघडी टाकून पाण्याच्या भांड्यांभोवती गोळा झालेले दिसतात. गळ्याची कातडी सारखी थरथरत असते. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात. तिच्या शरीराचे तापमान मुळातच ४१ अंशांच्या आसपास. बाहेर पारा ४५ला टेकला की धापा टाकण्यावरच तिची सगळी भिस्त. त्यात कार्बन डायऑक्साइड भराभर बाहेर पडतो आणि रक्त अल्कधर्मी होते. पक्षी खाणे कमी करतो तेही उष्णता टाळण्यासाठीच. पचनातूनही उष्णताच निघते!

पक्षी कमी खातोय, वजन घटणार, मग खाद्यात प्रथिने वाढवा, असा सल्ला अशा वेळी सर्रास दिला जातो. तो अर्धाच खरा आहे. पिष्ट आणि तेल यांच्या तुलनेत प्रथिने पचवताना आणि वापरताना शरीरात सर्वाधिक उष्णता तयार होते. शिवाय प्रथिने ज्यांची बनतात ती अमिनो आम्ले गरजेपेक्षा जास्त आली तर साठवता येत नाहीत. त्यांच्यातला नायट्रोजन वेगळा करून, त्याचे युरिक आम्ल बनवून विष्ठेवाटे टाकावे लागते. त्यात ऊर्जा खर्च होते, खालचे भुशाचे अंथरूण (लिटर) ओले होते, शेडमध्ये अमोनिया वाढतो.

गोणीवर छापलेला ‘क्रूड प्रोटीन’चा आकडा तरी काय सांगतो? १८८३ साली डेन्मार्कच्या योहान केल्डाल यांनी नायट्रोजन मोजायची रीत शोधली. आजही खाद्यातला नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ने गुणतात आणि त्यालाच क्रूड प्रोटीन म्हणतात. त्यात कोणते अमिनो आम्ल किती, हे त्यावरून कळत नाही आणि पक्ष्याला तर नेमके तेच हवे असते.

मका आणि सोयापेंडीच्या खाद्यात सर्वांत आधी मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी पडते, मग लायसिन आणि थ्रिओनिन. कापड ढीगभर असले तरी बटणे जेवढी, तेवढेच सदरे पुरे होतात. तसेच मांस मेथिओनिनच्या मापानेच तयार होते. मेथिओनिन पुरे पडावे म्हणून पेंड वाढवली, की बाकीची अमिनो आम्ले उरतात आणि भर उन्हात त्यांचा निचरा करण्याचे काम पक्ष्यावर पडते.

त्यापेक्षा पेंड थोडी कमी करून शुद्ध मेथिओनिन, लायसिन, थ्रिओनिन मिसळणे शहाणपणाचे. फिनिशर (शेवटच्या टप्प्यातल्या) खाद्यातली प्रथिने २० टक्क्यांवरून १८च्या आसपास आणली, तरी ही तिन्ही पुरेशी ठेवता येतात. पचनीय लायसिन १०० धरले, तर मेथिओनिन व सिस्टिन मिळून साधारण ७५ आणि थ्रिओनिन ६५च्या आसपास लागते. पक्षी कमी खात असल्याने ही आम्ले किलोमागे थोडी जास्तच हवीत, आणि काही ऊर्जा तेलातून द्यावी.

मात्र नुसतेच ‘प्रथिने कमी करा’ हा सल्ला घातक आहे. आणखी कपात केली की व्हॅलिन, आयसोल्युसिन, ग्लायसिन अपुरे पडू लागतात. आर्जिनिनचे तर जास्तच जपावे लागते, कारण पक्ष्यांमध्ये युरिया चक्र पूर्ण नसल्याने ते शरीरात पुरेसे बनत नाही. तोल बिघडला, तर वाढ खुंटते आणि मांसाऐवजी चरबी चढते.

कंपनीशी करार करून कोंबड्या पाळल्या, तर खाद्य कंपनीचे असते, शेतकऱ्याच्या हातात वेळ आणि पाणी. खाल्ल्यानंतर काही तासांनी शरीरातली उष्णता शिगेला पोहोचते. म्हणून सकाळी दहाच्या सुमारास खाद्य उचलावे आणि ऊन उतरल्यावर पुन्हा द्यावे. पाणी मात्र क्षणभरही बंद ठेवू नये. टाकी सावलीत असावी आणि पाइप उन्हात तापू देऊ नयेत.

पुढचा उन्हाळी लॉट टाकण्याआधी खाद्य पुरवठादाराने दिलेल्या क्रूड प्रोटीनच्या आकड्यावर समाधान मानू नका. पचनीय लायसिन, मेथिओनिन आणि थ्रिओनिन किती टक्के आहे, ते लेखी मागून घ्या.