काट्याला दोष देण्याआधी टाकीत बघा

"काटा तर पाव टाकीवर होता!" बंगळूरजवळच्या नंदी हिल्सच्या वाटेवर, देवनहळ्ळीच्या जरा अलीकडे, गेल्या पावसाळ्यात एका रविवारी पहाटे आमची गाडी बंद पडली तेव्हा माझ्या तोंडून निघालेलं पहिलं वाक्य हेच होतं. कॅनमधून पाच लिटर पेट्रोल आणून ओतलं, तशी गाडी चालू झाली. म्हणजे टाकी कोरडी होती आणि काटा चुकीचं सांगत होता. विमानतळाच्या रस्त्यावरच्या एका गॅरेजमध्ये दाखवलं, तर गाडीला हातही न लावता निदान झालं: "मीटर गेलाय, अख्खा बदलावा लागेल."

फ्युएल गेजबद्दलचा सगळ्यात महागात पडणारा गैरसमज हाच. काटा डॅशबोर्डवर असतो, म्हणून बिघाडही तिथेच असणार असं वाटतं. प्रत्यक्षात बहुतेक वेळा मीटर बिचारा ठणठणीत असतो. टाकीतून जे कळवलं जातं तेवढंच तो दाखवतो.

टाकीत एक फ्लोट असतो, पेट्रोलवर तरंगणारा. तो एका तारेच्या दांडीला जोडलेला असतो. पेट्रोल कमी-जास्त होईल तशी दांडी वरखाली होते आणि तिच्या दुसऱ्या टोकाचं धातूचं बोट एका छोट्या पट्टीवर सरकतं. पट्टीवर जागोजागी विजेला होणारा रोध वेगळा असतो. मीटर मोजतो तो हा रोध. लिटर त्याला कळत नाहीत. नव्या गाड्यांत मध्ये संगणक येतो, तो आकडे गुळगुळीत करून काट्याला देतो, पण त्याचीही माहिती येते टाकीतल्या त्याच बोटाकडून.

देवनहळ्ळी गावातल्या दुसऱ्या मेकॅनिकने हे आम्हाला डोळ्यांनी दाखवलं. त्याने मागच्या सीटची गादी उचलली, खालचं गोल झाकण काढलं, आधी बॅटरीची वायर सोडवली, पाइपमधला दाब उतरवला आणि पंपासकट अख्खा सांगाडा वर काढला. पेट्रोलचा वास पसरला तसं त्याने शेजारच्या बिडीवाल्याला लांब पिटाळलं. मग मल्टिमीटरच्या दोन सुया सेन्सरच्या पिनांना लावून फ्लोट बोटाने हळूहळू उचलायला सुरुवात केली. तळाशी अडीचशेच्या आसपास ओम होते. फ्लोट वर जाईल तसा आकडा उतरत गेला. मधे एका ठिकाणी मात्र पडद्यावर एकदम "ओएल" उमटलं, म्हणजे जोड तुटलेला. अर्धा सेंटीमीटर वर नेलं की आकडा परत हजर. "इधर घिस गया, सार," तो म्हणाला. पट्टीवर अगदी त्याच जागी काळा थर उडून पांढरट रेघ पडली होती. आम्ही नेहमी अर्धी टाकी भरतो, म्हणून बोट सगळ्यात जास्त घासलं तेही तिथेच. शिवाय दांडीच्या बिजागरीत कचरा बसला होता. फ्लोट पावाच्या उंचीवर मधूनमधून अडकत होता आणि त्या पहाटे आम्ही फसलो होतो ते त्यामुळे.

म्हणून निदानाची दिशा टाकीकडून डॅशबोर्डकडे अशी ठेवावी. आधी बघा, बाकीचे दिवे आणि काटे नीट चालतात का? एकाच फ्यूजवरची सगळीच मंडळी गेली असतील तर प्रश्न फ्यूजचा. जुन्या गाड्यांत पेट्रोलचा आणि इंजिनाच्या तापमानाचा काटा एकदमच भलतं दाखवू लागले, तर दोघांना मिळून वीज पुरवणाऱ्या स्टॅबिलायझरवर संशय घ्यावा. एकटा पेट्रोलचा काटा बिघडला असेल तर टाकीवरचा कनेक्टर आणि अर्थिंगची वायर तपासा. गंजलेली अर्थिंग रोध वाढवते आणि आमच्यासारख्या गाडीत काटा नेहमी कमी दाखवतो. वायर घासून पत्र्याला टेकली असेल तर तोच काटा कायम फुलवर बसतो. काही कंपन्यांत हे बरोबर उलटं असतं, त्यामुळे आकडे आपल्याच गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमधले घ्यावेत. कनेक्टरच्या दोन पिना तारेने जोडून काटा उडतो का हे बघण्याची जुनी युक्ती नव्या इलेक्ट्रॉनिक मीटरवर करू नये, मीटर खरोखरच जायचा. आणि झाकण उघडलंच आहे तर त्याची रबरी रिंग नवीन घाला. पेट्रोलने फुगलेली जुनी रिंग परत नीट बसत नाही.

आता जिथे बिघाड नसतोच त्या तक्रारी. "अर्धी टाकी हळू उतरते आणि खालची भसकन संपते." टाकी चौकोनी डबा नसते. सीट, चाकं, सायलेन्सर यांच्यामधून वाट काढत ती वेडीवाकडी बनवलेली असते, त्यामुळे काट्याची प्रत्येक रेघ तितक्याच लिटरची असेलच असं नाही. "घाटात काटा वरखाली होतो." नंदी हिल्सचा माथा 1,478 मीटरवर आहे. त्या चढणीवर पेट्रोल टाकीत एका बाजूला कलतं, त्याच्याबरोबर फ्लोटही. सपाट जागी पाच मिनिटं थांबून वाचावं. "काटा बिघडला तरी किती किलोमीटर जाईल ते स्क्रीनवर येतंच की." तो आकडा त्याच फ्लोटच्या माहितीला सरासरी मायलेजची जोड देऊन काढलेला असतो. फ्लोट चुकला की तोही चुकला. सीएनजीच्या गाडीत तर गॅसचे दिवे दाब दाखवतात. थंडीत दाब उतरतो, म्हणून पहाटे एखादा दिवा कमी दिसला तर गॅस चोरीला गेलेला नसतो.

इथेनॉलचं जरा सविस्तर सांगायला हवं. 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल 6 फेब्रुवारी 2023 रोजी बंगळूरमध्येच पंतप्रधानांच्या हस्ते बाजारात आलं, आणि तेव्हापासून प्रत्येक दुखण्याचं खापर त्याच्यावर फुटतं. फ्लोटला पातळी कळते, पेट्रोलची जात कळत नाही. मात्र एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण तृतीयांश ऊर्जा कमी असते. त्यामुळे काटा पूर्वीपेक्षा थोडा लवकर उतरत असेल तर तो खरंच सांगत असू शकतो. इंधनाने सेन्सर बिघडल्याचं ठळक उदाहरण आहे ते गंधकाचं: 2004 साली अमेरिकेत फ्लोरिडा आणि लुइझियाना भागात गंधक जास्त झालेल्या पेट्रोलमुळे सेन्सरमधले चांदीचे संपर्कबिंदू खराब होऊन असंख्य गाड्यांचे काटे चुकू लागले होते.

पेट्रोल भरूनही काटा चढला नाही की पंपवाल्याशी भांडण होतं. भांडू नका, मोजून मागा. प्रत्येक पंपावर वैधमापन खात्याने तपासलेलं पाच लिटरचं माप असतं आणि ग्राहकाला त्यातून मोजून दाखवावं लागतं. फरक 25 मिलिलिटरच्या आत असला तर पंप बरोबर आहे, आपला फ्लोट तपासायला घ्या. टाकीत पुस्तकातल्या आकड्यापेक्षा दोन-तीन लिटर जास्त बसले म्हणूनही लगेच फसवणूक ठरत नाही. वाफेसाठी सोडलेली जागा आणि नळीचा भाग त्या आकड्यात धरलेले नसतात.

रिझर्व्हचा दिवा लागल्यावर रोजच तसंच चालवण्याची सवय मात्र मोडावी. आजच्या पेट्रोल गाड्यांचा पंप टाकीत बुडालेला असतो आणि पेट्रोलच त्याला थंड ठेवतं.

देवनहळ्ळीच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात. त्यांनाही हे दुखणं चुकलेलं नाही. 23 जुलै 1983 रोजी कॅनडात एक बोइंग 767 विमान 41,000 फुटांवर असताना इंधन संपलं. त्याचं इंधनमापक आधीच बंद पडलं होतं आणि त्या बिघाडात एका कच्च्या डाखाचा हात होता. मग पट्टीने मोजून हिशेब केला, तो किलोऐवजी पौंडांचा झाला. वैमानिकांनी विमान तरंगत नेऊन गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर उतरवलं, 69 च्या 69 माणसं वाचली.

आमच्या गाडीत नवा सेन्सर बसला. अख्ख्या मीटरला जेवढे पैसे सांगितले होते, त्याच्या पाचव्या हिश्शात काम झालं. मेकॅनिकने जाऊ देण्याआधी एक गोष्ट करून घेतली: सपाट जागी गाडी उभी करून पंपावर पाच-पाच लिटर भरायचे, दर वेळी इग्निशन बंद करून परत चालू करायचं आणि काटा कुठे थांबला ते लिहून घ्यायचं. तो कागद ग्लव्ह बॉक्समध्ये आहे. त्याखाली आता दर वेळी टाकी भरल्यावर ट्रिप मीटर शून्यावर आणल्याची तारीखही लिहितो.